शकूचं माहेरपण

दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या बांधापलीकडे मोठमोठ्या गाड्या येऊन थांबतात आणि त्यांतून दमलेली माणसं उतरतात. कशानं दमलीत, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या बॅगांना चाकं असतात आणि त्या चाकांच्या बॅगाही दुसराच कोणीतरी ओढत नेतो. उतरल्या उतरल्या ती हात पसरून मोठा श्वास घेतात आणि 'किती शांत आहे ना इथे' असं इतक्या मोठ्यानं म्हणतात की आमच्या कोंबड्या दचकून कुंपणाखाली शिरतात.

त्या जागेचं नाव 'निवांत'. माझ्या नवऱ्याचा भाचा हर्षद आणि त्याची बायको समिधा यांनी ती काढली. जमीन आमची. हर्षदचं नेरळचं शेत त्याचा बाप गेल्यावर बिल्डिंगखाली गेलं, मग त्याची नजर मामाच्या वरच्या तुकड्यावर आली. मामा म्हणजे आमचे हे, कोंडाजी. भाच्यानं दोनदा 'मामा, मामा' केलं की हे अंगातला शर्टसुद्धा काढून देतील. मी नको म्हणत होते, पण या घरात माझं ऐकायची पद्धत नाही. डोंगराच्या पायथ्याचा तो तुकडा गेला, त्याच्यावर खोल्या उठल्या, नवीन छपरावर कुठूनशी जुनी कौलं आणून घातली आणि खोपोलीच्या रस्त्याला बोर्ड लागला.

धंदा सगळा हिवाळ्याचा. थंडीत या आणि काही करू नका, एवढंच तिथलं म्हणणं. मोबाईल टोपलीत टाकायचा, घड्याळ काढायचं, उन्हात गोधडी पांघरून बसायचं. मग जेवायचं, झोपायचं आणि उठून परत जेवायचं. आता हे कोणाला शिकवावं लागतं असं मला वाटलं नव्हतं. पण समिधा शिकवते. रोज सकाळी आंब्याखाली सगळ्यांना गोल बसवते आणि बारीक आवाजात सांगते की हिवाळ्यात निसर्ग थांबतो, झाडं पानं टाकतात, जमीन पडून राहते, साप-बेडूक बिळात जाऊन निजतात. फक्त माणूस थांबत नाही आणि म्हणून आजारी पडतो. झोप पुरी झाली, अंगाला ऊन लागलं, मनावरचं ओझं उतरलं की शरीर स्वतःच स्वतःची दुरुस्ती करतं, असंही ती सांगते.

यात एक अक्षर खोटं नाही, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरायचं. कारण समिधा हे सांगत असायची तेव्हा तिच्या पाठीमागे, मांडवातल्या चुलीपाशी, तिची सासू खोकत असायची.

सासू म्हणजे शकू. हर्षदची आई, यांची धाकटी बहीण, माझी नणंद. श्रावणात तिला न्यूमोनिया झाला. खोपोलीला दवाखान्यात ठेवली होती आणि ऑक्सिजनही लावला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी हर्षदला आणि मला समोर बसवून सांगितलं की फुप्फुसाला धक्का बसलाय, आता हिला धूर नको आणि कष्टही नकोत. हा हिवाळा पूर्ण विश्रांती मिळाली तर बाई सावरेल. नाही मिळाली, तर पुढचा पावसाळा काढेल याची खात्री मी देत नाही, असं ते स्वच्छ म्हणाले. हर्षद 'हो डॉक्टर, हो डॉक्टर' करत होता. त्याची मान तेव्हा नंदीबैलासारखी हलत होती.

दिवाळी झाली, गाड्या सुरू झाल्या आणि शकू चुलीपुढे बसली. कारण बोर्डावर तिचा फोटो होता. 'शकूमावशीची चूल' असं त्याखाली लिहिलेलं होतं. फोटोपुरती तिला नऊवारी नेसवली होती. ती बाई लग्नातही नऊवारी नेसली नव्हती आणि आता घरात ती गाऊनवर टॉवेल टाकून वावरते, पण पाहुण्यांना मावशी कशी दिसायला हवी ते समिधाला पक्कं ठाऊक. आईला विश्रांती हवी, हे हर्षदच्याही लक्षात होतं बरं का. विश्रांती म्हणून त्यानं चुलीजवळ एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली.

शकूच्या भाकऱ्या, शकूचं वालाचं बिरडं, शकूचा कोंबडीचा रस्सा. लोक चुलीभोवती उभे राहून बघायचे. एकीनं विचारलं, मावशी, धुराचा त्रास नाही होत? शकू म्हणाली, सवय हाय. त्यावर त्या बाईला इतका आनंद झाला की तिनं शकूच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. आणि खोकला तर असा की आमच्या ओट्यापर्यंत यायचा. नुसती बसलेली असली तरी छातीत घुरघुर चालू. शकू कुठे आहे ते शोधावं लागायचं नाही, तिचा श्वासच सांगायचा.

मी हर्षदला बोलले. तो म्हणाला, मामी, सीझन चार महिन्यांचा, मग आई मोकळीच आहे. समिधाला बोलले. ती म्हणाली, आईंना कामाशिवाय करमत नाही, त्यांना त्यात आनंद मिळतो. यांना बोलले तर हे पेपरात तोंड घालून बसले. आणि शकूला बोलले तेव्हा ती म्हणाली, पोराचा धंदा उभा राहतोय वयनी, आत्ता नाय तर कवा. सगळ्यांत जास्त राग मला तिचाच आला. मरायचंच असेल तर विहीर आहे, चूल कशाला हवी, असं मी तोंडावर म्हटलं तिला. ती हसली आणि हसता हसता खोकली.

डिसेंबरात एक ठाण्याची बाई आली होती. बँकेत साहेब होती म्हणे. शुक्रवारी गाडीतून उतरली तेव्हा डोळ्यांखाली काळं, चेहरा राखेसारखा, आणि कोणी बोललं की खेकसायची. मी म्हटलं, ही आणखी एक. रविवारी संध्याकाळी ती आमच्या अंगणात आली, बांधावरची भांबुर्ड्याची झुडपं कशाची म्हणून विचारायला. मी तिला ओळखलंच नाही. चेहऱ्यावर रक्त आलं होतं. पायऱ्यांवर बसली आणि आपणहून सांगायला लागली की आईच्या आजारपणात महिनोन्महिने झोप नव्हती, आई गेल्यावरही येत नव्हती, इथे मात्र नुसती झोपले, जेवायलासुद्धा कोणी उठवलं नाही. बोलता बोलता तिला भरून आलं. मी तिला चहा दिला.

झोपेनं माणूस कसा बदलतो ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परक्या बाईला जे दोन दिवसांत मिळतं ते आमच्या शकूला, तिच्याच बापाच्या जमिनीवर बसून, मिळत नव्हतं.

आमच्याकडे पूर्वी भात झोडून घरात आलं आणि शेतात वाल टाकून झाले की लेकी माहेरी यायच्या. वालाला पाणी घालावं लागत नाही, तो नुसत्या दवावर होतो, म्हणून बाईमाणसाला तेवढाच मोकळा काळ. माहेरी आलेल्या लेकीनं कशाला हात लावायचा नाही. ऊन खायचं, शेंगा खायच्या, आईशी भांडायचं आणि झोपायचं. आणि सासरचं माणूस न्यायला दारात येईपर्यंत तिनं परत जायचं नाही. शकूला हे कधी नीट मिळालं नाही. नेरळला त्यांचा दूधधंदा होता, म्हशी सोडून येणार कोण? आली तरी संध्याकाळच्या गाडीनं परत. आता म्हशी नव्हत्या, तर मुलानं चूल दिली.

आणि 'निवांत'च्या बोर्डावर, शकूच्या फोटोच्या वर, मोठ्या अक्षरात काय लिहिलं होतं? 'हिवाळ्याचं माहेरपण'.

मी बरोबर शनिवार गाठला. दुपारचं जेवण चाललं होतं, मांडव भरलेला, समिधा वाढणाऱ्यांवर नजर ठेवून उभी. मी चांगलं पातळ नेसले, केसांत अबोलीची वेणी घातली आणि सगळ्यांमधून चालत चुलीपाशी गेले.

"शकू, ऊठ," मी म्हटलं. "मी तुला माहेरपनाला न्यायला आलेय."

शकूला वाटलं मी चेष्टा करते. "माहेरातच तर हाय की मी, वयनी."

"माहेरात हायेस ती राबायला. हात धू आनि चल."

मग कोणीतरी 'हाऊ स्वीट' म्हणालं, दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या, एकीनं विचारलं, म्हणजे खरं खरं माहेरपण असतं का हे? मी म्हटलं, हो बाई, बोर्डावर वाचलंत ना, तेच. समिधाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती हसत होती, पण दात एकमेकांवर घट्ट. तिला नाही म्हणायची सोय नव्हती, कारण सकाळीच आंब्याखाली तिनं माहेरपणावर प्रवचन दिलं होतं. शकू तव्यावरची भाकरी सोडायला तयार नव्हती. मी तवाच खाली उतरवला. पाहुण्यांनी आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं. फुकटचा खेळ झाला त्यांना.

हे घरी भडकले. भाच्याला राग येईल म्हणाले. मी म्हटलं, येऊ दे की. बहिणीला श्वास येत नाही त्याचं काही नाही, भाच्याला राग येईल त्याची मात्र काळजी. अंगणातली खाट त्यांनी स्वतः उन्हात ओढून दिली, एवढं मात्र सांगायला हवं.

आता शकू मिळाली, पण तिला विश्रांती देणं म्हणजे वासराला नांगरटीची गोडी लावण्याइतकं सोपं. पहिल्या दिवशी मी अंघोळ करून येते तो हिनं माझ्या फळीवरचे सगळे डबे खाली काढलेले. घासायला. डबे घासलेलेच होते, तरी. मी ओरडले तर लसूण घेऊन बसली. लसूण काढून घेतला तर अंगणातला पालापाचोळा गोळा करायला लागली आणि त्याला काडी लावायला निघाली. मी झाडू लपवला, काडेपेटी कमरेला लावली, सूप शेजारी देऊन टाकलं. तिला मी खाटेवर बसवायचे आणि ती पाहुणीसारखी काठावर बसायची, कोणी हाक मारील म्हणून. नुसतं बसवत नाही, म्हणाली. आपण चोरी केल्यासारखं वाटतं. खाटेवर बसायला लाजणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली, आणि अशा आमच्या भागात घरोघर आहेत हे आठवून मला आणखी चीड आली. आम्हाला कामाचं कौतुक शिकवतात. बाई किती करते, बाई कशी थांबत नाही, असं म्हणत म्हणत तिला सरणावर नेतात आणि तिथेही तेच म्हणतात.

खोकला तसाच होता. चार-सहा दिवसांनी माझी खात्री व्हायला लागली की हे काही जमत नाही.

एका दुपारी मी वाल आणायला शेतात गेले आणि परत आले तो खाट रिकामी. मला कळलं कुठे गेली ते. तिला तिकडची ओढ होती. चूल कोण बघत असेल, भाकऱ्या कोण थापत असेल, पाहुणे उपाशी गेले असतील, बोर्डावर फोटो आपला आणि आपण इथे ऊन खातोय. पोराचा धंदा बुडाला असेल, अशीच तिची समजूत. मी चप्पल घालते न घालते तो तीच बांधावरून परत येताना दिसली. हळू चालत होती. येऊन खाटेवर बसली, या वेळी काठावर नाही.

थोड्या वेळानं तिनंच सांगितलं. मांडवातली चूल पेटलेली होती. चुलीवर काही नव्हतं, नुसतीच लाकडं जळत होती, पाहुण्यांना बघायला. मांडवाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये शिळफाट्याचा एक कॅटरर आणून बसवला होता. चार गॅस, मोठी पातेली. रस्सा तिथे व्हायचा, त्यात वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडायचं आणि झाकायचं, की धुराचा वास लागला. मग तो रस्सा चुलीजवळच्या मडक्यांत ओतायचा. आणि जेवणारे बोटं चाटत म्हणत होते की मावशीच्या हाताला काय चव आहे. शकू कुडाच्या आडून ऐकत उभी होती.

"माझ्यावाचून काय अडलं नाय गं कुनाचं," ती म्हणाली.

माझ्या तोंडाला कधी गोड शब्द येत नाहीत, त्या दिवशीही आले नाहीत.

"मग बरं झालं की," मी म्हटलं. "अडत नाय तर झोप."

मग तिला रडू आलं, आणि रडून झाल्यावर राग आला. हा राग मी तिच्यात कधी पाहिला नव्हता. गॅस होता तर मला धुरात कशाला बसवली, असं ती म्हणाली. पुन्हा पुन्हा तेच. कॅटरर दिवाळीतच आणता आला असता. मी तिला पाणी दिलं. ती आडवी झाली, तोंड भिंतीकडे केलं, आणि झोपली ती संध्याकाळी कोंबड्या आत घ्यायच्या वेळेला उठली. उठली तेव्हा गालावर सुंभाचे वळ उमटले होते आणि ती विचारत होती की सकाळ झाली का.

त्यानंतर शकू झोपायलाच लागली. सकाळी ऊन अंगणात आलं की खाट उन्हात, ऊन सरकलं की खाट मागे. पेज प्यायची, झोपायची. बिरडं-भात खायची आणि परत झोपायची. आयुष्यभराची थकबाकी वसूल करत असल्यासारखी. मला सुरुवातीला भीती वाटली, मग मी तिला तशीच सोडली. वालाला सोडतो तशी. पौष निम्मा झाला तेव्हा खोकला दुपारचा बंद झाला. मग रात्रीचा कमी झाला. ती यांच्याशी लहानपणीच्या चिंचेवरून भांडायला लागली, कोणाची होती आणि कोणी तोडली. हे दोघं साठीच्या पुढचे, आणि चिंचेसाठी आवाज चढवत होते. छातीतली घुरघुर अशी हळू गेली की कधी गेली ते आम्हाला कळलं नाही. खोपोलीला दाखवायला नेलं तर डॉक्टरांनी दोनदोनदा नळी लावून ऐकलं. म्हणाले, काय औषध दिलंत? मी म्हटलं, खाट. होळीपर्यंत हेच चालू ठेवा, मोडू नका, असं त्यांनी बजावलं.

या सगळ्या दिवसांत हर्षद एकदाही आला नाही. बांध ओलांडला की आमचं अंगण. त्याला तेवढं चालायला वेळ नव्हता, म्हणून तो फोन करायचा. आधी यांना, मग मला. आई कधी येते? पाहुणे मावशी कुठे विचारतात, कोणीतरी चुलीचं चित्रीकरण करायला येणार आहे, बोर्डावर फोटो आहे तर माणूस नको का. मी त्याला एकच उत्तर द्यायचे.

"माहेरवाशिनीला न्यायला सासरचं मानूस दारात यावं लागतं. फोनवरनं नाय नेत कोनी."

आई कशी आहे, असं त्यानं विचारलं नाही असं मी म्हणणार नाही. विचारायचा. पण उत्तर ऐकायच्या आत दुसरा फोन आला म्हणून ठेवायचा. समिधानं एकदा शालीची घडी पाठवली, 'निवांत'चं नाव विणलेली. शकूनं ती खाटेखाली अंथरली, मांजराला बसायला.

शिवरात्रीच्या आधल्या शनिवारी मात्र तो आला. त्या सुट्टीला 'निवांत' भरलं होतं आणि चित्रीकरणवाले दुपारी येणार होते. मी ओट्यावर वाल सोलत बसले होते. फाटक वाजलं आणि पाहते तो हर्षद, कानाला फोन, दुसऱ्या हातात ती फोटोतली नऊवारी, पिशवीत घालून. दारात येऊन न्यायचं असतं, असं मीच म्हणत आले होते. तो दारात आला होता. आता मला नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि शकूला तर मुलाला नाही म्हणता येतच नाही. होळीला अजून वेळ होता.

तो फोनवर बोलत बोलत अंगणात आला आणि खाटेपाशी थांबला.

शकू उताणी झोपली होती. हात पोटावर, तोंड जरासं उघडं, अंगावर पातळ चादर. ऊन पायांवरून सरकून कमरेपर्यंत आलं होतं. मांजर खाली, ती वर. दोघी सारख्याच निवांत.

हर्षदनं 'आई' म्हणून हाक मारली. ती हलली नाही. तिची झोप आता तशीच झाली होती, भांडं पडलं तरी मोडायची नाही. फोनमध्ये कोणीतरी बोलत होतं. हर्षदनं तो कानावरून खाली घेतला. परत म्हणाला, "आई." हा आवाज लहान होता. मग तो तसाच उभा राहिला, मान थोडी वाकडी करून, कान देऊन. बराच वेळ. पिशवी हातातून खाली पडली ते त्याला कळलं नाही.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"मामी," तो म्हणाला.

मला समजलं त्याला काय वाटलं ते. या तिशी उलटलेल्या मुलानं आपली आई दिवसाउजेडी झोपलेली उभ्या जन्मात पाहिली नव्हती. दवाखान्यातून आली तेव्हाही ती गादीवर बसून मेथी निवडत होती. आईला त्यानं चुलीपुढे, म्हशींमागे, खोकताना, धापा टाकताना, असंच पाहिलेलं. म्हणून ती गप्प झोपलेली दिसली, तर त्याला ती मेलेली वाटली. मी ताबडतोब बोलायला हवं होतं. नाही बोलले. हातातली शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले, साल बाजूला ठेवली. तेवढा वेळ मी त्याला तसाच ठेवला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

"श्वास ऐकू येत नाय तिचा," तो म्हणाला.

"घेते ती," मी म्हटलं. "आता आवाज न करता घेते. तुला त्याची सवय नाय."

तो खाटेशेजारी मातीत बसला. त्यानं आईच्या नाकापुढे हात धरला, लहान पोरं धरतात तसा, आणि धरूनच राहिला. चादर वर जात होती, खाली येत होती. खाली पडलेल्या फोनमधून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. हर्षदचे खांदे हलायला लागले तेव्हा मी मान फिरवली. त्याची कीव करायची नाही असं मी ठरवलं होतं, पण थोडी आलीच.

त्या हलण्यानं खाटच हलली तशी शकू जागी झाली. तिनं डोळे किलकिले केले, मुलाकडे बघितलं, मग मातीतल्या पिशवीतून बाहेर आलेल्या नऊवारीच्या काठाकडे बघितलं. मी वाल सोलायचं थांबले.

"न्यायला आलायस काय रं?" तिनं विचारलं.

हर्षदनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"नाय," तो म्हणाला. "झोप तू."

शकूनं कूस बदलली आणि खरंच झोपली.